खुब्यातल्या मालगाड्या

आमच्या घरमालकांनी आयुष्यभर गाड्या चालवल्या, पण पाहिल्या फार कमी. मराठी माणूस, पण सगळी नोकरी बंगालात: रेल्वेत ते कंट्रोलर होते, आधी खरगपूरला आणि शेवटची वर्षं कोलकात्यात गार्डन रीचला. कंट्रोलर म्हणजे बंद खोलीत कानाला फोन लावून बसणारा माणूस. स्टेशनांवरून आवाज येतात, अमकी गाडी आली, तमकी सुटली. आणि हा इथून सांगतो, हिला पुढे सोडा, तिला बाजूच्या लाइनवर घ्या. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि तिची त्यांना कधी उणीव भासली नाही. "गाडी बघायची काय गरज?" ते म्हणत. "ती कुठे आहे हे माहीत असलं की झालं."

दुखण्याबद्दलही त्यांचं मत जवळपास हेच होतं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. आम्ही अजून वरच्याच मजल्यावर राहतो, खालच्या दाराला कुलूप आहे. त्यांच्याविषयी लिहायला बसले की दोन ओळींनंतर हात थांबतो, कारण जे आठवतं त्यातलं बहुतेक हसवणारं आहे, आणि हसून झालं की पुढची ओळ सुचत नाही. तरी हळूहळू लिहिते आहे.

घर बजबज लाइनच्या कडेला. लोकल गेली की फडताळातली भांडी किणकिणतात. काका, आम्ही त्यांना काकाच म्हणत होतो, या लोकलकडे ढुंकूनही बघत नसत, कारण ती दुसऱ्या रेल्वेची, म्हणजे पूर्व रेल्वेची, आणि काका दक्षिण पूर्वचे. सियालदहहून सुटणाऱ्या गाड्यांशी आपला काही संबंध नाही हे त्यांनी आम्हाला पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं होतं. ती उशिरा आली तर ते समाधानाने मान हलवत. वेळेवर आली तर म्हणत, "चुकून."

नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही जागा शोधत त्यांच्याकडे आलो, तेव्हा त्यांनी आमची नोकरी, गाव, जात, काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की तुमच्या घरात घड्याळ पुढे करून ठेवतात का. नवरा म्हणाला, नाही. मग किल्ली मिळाली. आधीचं एक कुटुंब म्हणे याच प्रश्नावर परत गेलं होतं. "पुढे केलेलं घड्याळ म्हणजे माणूस स्वतःशी खोटं बोलतो आणि वर त्याला ते माहीतही असतं," काका म्हणाले. "अशा माणसाला मी खालच्या मजल्यावरून काय सांगणार?"

फोनवर ते आम्हाला नावाने हाक मारत नसत. फोन त्यांनीच केलेला असला तरी सुरुवात व्हायची, "फर्स्ट फ्लोअर, बोला." निरोप दिला की तो परत म्हणून दाखवावा लागे. मी म्हणायचे, काका, मेथीची भाजी पाठवतेय. ते म्हणायचे, "मेथीची भाजी येत आहे. बरोबर?" मी म्हणायचे, बरोबर. मग ते विचारायचे, "नंबर?"

हा नंबर समजायला मला महिना लागला. रेल्वेत दोन स्टेशनं फोनवर गाडीची परवानगी देतात तेव्हा शेवटी एक गुप्त आकडा सांगतात. तो आकडा आला की निरोप पक्का, नाहीतर सगळं बोलणं हवेत. आकडा कोणताही चालतो, फक्त लागोपाठ तोच यायला नको. तेव्हा मी मेथीच्या भाजीबरोबर "चौतीस" म्हणायला शिकले. नवरा म्हणायचा की आपण भाड्याने घर घेतलंय की खात्यात भरती झालोय.

काकूंना मी पाहिलं नाही. आम्ही यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला. काका घरात एकटे, आणि पुण्याला जायचं नाही याबाबतीत अगदी ठाम.

हे ठामपण एका मूतखड्याने ढिलं केलं. आम्ही आलो त्याच वर्षी त्यांना रात्रभर कळा आल्या, इस्पितळात न्यावं लागलं, आणि तिथे त्यांना अफूच्या कुळातलं एक भारी इंजेक्शन दिलं. कळ थांबली. पण ताप होता, वय होतं, पोटात अन्न नव्हतं, आणि ते औषध त्यांच्या डोक्यात चढलं. पुढचा दिवसभर ते पलंगावर बसून गाड्या सोडत होते. सलाइनच्या नळीला फोन समजून त्यांनी शेजारच्या रुग्णाला मालगाडी ठरवून बाजूला घ्यायचा हुकूम दिला. त्याच भरात पुण्याहून मुलीचा फोन आला आणि तो त्यांनी घेतला. काय बोलले ते त्यांना नंतर आठवलं नाही. मुलीने मला एवढंच सांगितलं की बाबा फोनवर गाड्या चालवत होते, आईचंही काहीतरी म्हणत होते. त्या आठवड्यात तिने पुण्याच्या घरातली एक खोली रिकामी करून रंगवून घेतली.

म्हणून वर्षभराने जेव्हा उजवा खुबा पार झिजला आणि सांधा बदलण्याखेरीज इलाज उरला नाही, तेव्हा काकांची भीती ऑपरेशनची नव्हती. "पुन्हा ते इंजेक्शन, पुन्हा गाड्या, आणि मग पुणे," ते मला म्हणाले. "पोरीने एकदा ऐकलंय. दुसऱ्यांदा ऐकलं की ती सामानच बांधेल. मला हे घर सोडायचं नाही. तेव्हा डोकं जागेवर पाहिजे. पाय गेला तरी चालेल." पाय जाणार नाहीये, तो आणायलाच चाललोय, असं मी म्हटलं. त्यांनी ते परत म्हणून दाखवलं नाही.

ऑपरेशनचा मुहूर्त त्यांनी नातवाच्या बारावीच्या परीक्षेत काढला. मुलीला तेव्हा पुणं सोडता येणार नव्हतं. ती फोनवर खूप चिडली, निदान पेपर संपेपर्यंत थांबा म्हणाली. काका नम्रपणे म्हणाले की सर्जनना दुसरी तारीख नाही. सर्जनना तारखाच तारखा होत्या.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंची मुलाखत त्यांनी स्वतः घेतली. मी बरोबर होते. बाई बंगाली, तरुण, फार शांत. काकांनी आधीच जाहीर केलं की अफूच्या जातीचं काहीही चालणार नाही, हे कागदावर लिहून घ्या. बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी समजावलं: ऑपरेशनच्या वेळीच पायाची नस बधिर करू, म्हणजे पहिला दिवस निभेल. पुढे साधी पॅरासिटामॉल, दुखो न दुखो, घड्याळाच्या ठोक्याला. मूत्रपिंड ठीक असेल तर सूज उतरवणारी एक गोळी, थोडे दिवस. बर्फ. आणि दुसऱ्या दिवसापासून चालायचं. दुखणार, त्या म्हणाल्या. अजिबात न दुखण्याचं वचन मी देत नाही. चालता येईल, झोपता येईल, एवढ्यावर ते ठेवणं हे आपलं काम. आणि अगदीच सहन झालं नाही तर ते दुसरं औषध अगदी थोडं देता येतं, त्यात कमीपणा नाही, मागच्या वेळेसारखं होईलच असंही नाही.

काका बाकी काही ऐकत नव्हते. ते घड्याळाच्या ठोक्यावरच अडकले होते.

"म्हणजे दुखायच्या आधी गोळी?" त्यांनी विचारलं.

"आधीच. दुखणं अंगावर आलं की मग त्याला मागे ढकलणं कठीण."

काकांचा चेहरा असा उजळला की जणू बदलीच्या गावी कुणी ओळखीचं भेटलं. बाहेर पडताना मला म्हणाले, "दुखल्यावर गोळी घेणं म्हणजे गाडी आल्यावर रूळ टाकणं. या बाईला खरगपूरला पाठवायला पाहिजे होतं."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी बधिरपणा उतरला आणि दुखणं आलं. मी भेटायला गेले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते, कपाळावर घाम. बाईंनी विचारलं, देऊ का थोडं? काका म्हणाले, "थांबा. आधी मला बघू दे कोणती गाडी आहे."

त्या दिवशी त्यांची पद्धत जन्माला आली. दुखण्याचे त्यांनी दोन प्रकार केले. संथ, जड, तासन् तास ठसठसणारी ती मालगाडी. तिच्याशी भांडायचं नाही, तिला बाजूच्या लाइनवर घ्यायचं आणि उभी राहू द्यायचं. बर्फ ठेवायचा, वर्तमानपत्र वाचायचं. कूस बदलताना, उठताना जी एकदम लखकन येते ती मेल. मेल अडवायची नाही. पुढचे सगळे सिग्नल हिरवे द्यायचे, श्वास सोडायचा, अंग सैल ठेवायचं, ती धडधडत निघून जाते. "माणूस दात आवळतो, म्हणजे काय करतो?" ते मला शिकवत. "मेलला लाल देतो. मग ती तिथेच उभी राहते आणि भोंगा वाजवते." एखादा झटका फार मोठा असला की म्हणायचे, ही राजधानी होती.

घरी आल्यावर आयाबाई ठेवली. ती रोज बजबजहून लोकलने यायची, आणि उशीर झाला की तिला काही बोलण्याआधी काका दुसऱ्या रेल्वेला बोलत, त्यामुळे दोघांचं पहिल्यापासून जमलं. आम्ही तिला मासी म्हणायचो, ती त्यांना दादू, म्हणजे आजोबा, म्हणायची. मासी गोळी द्यायची आणि काका नंबर मागायचे. तिला हे सगळं समजावलं तेव्हा तिने विचार करून "एकाहत्तर" सांगितलं. पुढच्या गोळीलाही एकाहत्तर. काकांनी तिला बंगालीत, मग हिंदीत सांगितलं की नंबर बदलायचा असतो, नाहीतर तो पक्का राहत नाही. मासी म्हणाली, "माझा मोबाइल नंबर पण रोज तोच असतो, दादू. तो काय खोटा आहे?" यावर खात्याच्या नियमांत काही तरतूद नसावी. एकाहत्तर कायम झाला.

बर्फासाठी मी त्यांना युक्ती सुचवली होती: गोठवलेल्या मटारचं पाकीट गमछ्यात गुंडाळून खुब्यावर ठेवायचं, ते अंगावर नीट बसतं. चार दिवस ते उत्तम चाललं. पाचव्या दिवशी दुपारी मासीने मोठ्या हौसेने मटारच्या कचोऱ्या केल्या. काकांनी खाल्ल्या, तारीफ केली, आणि मग मालगाडी आली म्हणून पाकीट मागवलं. मासीने कचोऱ्यांच्या रिकाम्या ताटाकडे बोट दाखवलं. संध्याकाळी मी विचारपूस केली तर म्हणाले, "आज औषध पोटातून घेतलं. गुण तेवढा नाही."

खरं नाटक संध्याकाळी असायचं. पुण्याहून व्हिडिओ कॉल येई. त्याच्या आधी काका दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, खाली लुंगी आणि खुब्यावर बर्फ. कॅमेरा फक्त छातीपर्यंत. कॉलच्या वेळी दुखणं वर येऊ नये म्हणून गोळीची वेळ त्याच्या आधी बसवलेली. मुलगी विचारायची, बाबा, दुखतंय का? ते म्हणायचे, "कुठे?" आणि डोकं जागेवर आहे हे तिला पटावं म्हणून तिने न विचारताच तारीख, वार आणि तिथी सांगायचे, वर दिवसाच्या बातम्या. यामुळे ती आणखी घाबरली. मला तिचा वेगळा फोन आला. "ताई, बाबा ठीक आहेत ना? आज कसे आहात विचारलं तर म्हणाले, मंगळवार, अष्टमी."

मी काकांना म्हटलं, तिला सरळ सांगा की दुखतंय, पण सोसण्याजोगं आहे. ऑपरेशन झालेल्या माणसाचं दुखत नाही हे कुणाला खरं वाटेल? त्यांनी नकारार्थी मान हलवली. चाळीस वर्षं फोनवर बसून त्यांनी एक गोष्ट पक्की केली होती: तुमच्या आवाजात घबराट आली की पुढचं स्टेशन घाबरतं.

परीक्षा संपली आणि मुलगी येणार ठरलं, रविवारी. काकांनी तयारी सुरू केली. वॉकर घेऊन दारापर्यंत जायचं, तिच्यासमोर हसत. रोज सराव. मला आणि मासीला सक्त ताकीद, तिच्यासमोर गाड्यांचं नाव काढायचं नाही.

ती शुक्रवारी आली. न कळवता.

दुपारची वेळ होती. मासीने जमीन पुसून दार उघडं ठेवलं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि काका पलंगावर पडून, टाच गादीवरून घासत गुडघा वर घ्यायचा तो व्यायाम करत होते. हा व्यायाम सगळ्यांत वाईट. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले.

"मेल येतेय," ते मासीला बंगालीत म्हणाले. "सिग्नलपाशी आली. अडवू नका कुणी. सगळं मोकळं करा."

"मोकळं आहे, दादू. सोडा," मासी म्हणाली.

"मालगाडी बाजूला घेतली का?"

"घेतली. एकाहत्तर."

दारात बॅग पडल्याचा आवाज झाला. मुलगी उंबऱ्यात उभी होती. तिने वडिलांकडे पाहिलं, मग मासीकडे, आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "काय दिलंय यांना?"

"पॅरासिटामॉल."

"आणि?"

"बर्फ."

काकांनी डोळे उघडले. तिला पाहिलं, आणि जे करायचं नव्हतं नेमकं तेच केलं. "आज शुक्रवार," ते म्हणाले, "एकादशी. आणि तू रविवारी येणार होतीस."

"बाबा, पुरे आता. आपण पुण्याला जातोय."

काकांनी समजावायला सुरुवात केली. मालगाडी म्हणजे काय, मेल म्हणजे काय, मेलला हिरवा का द्यायचा. वाक्यागणिक त्यांची केस बिघडत गेली. मी मध्ये बोलले, हे सगळं ते त्या इंजेक्शनाशिवाय राहायचं म्हणून करताहेत. पण तिचं लक्ष नव्हतं, ती कपाट उघडून कपडे बघत होती. शेवटी ते बोलायचे थांबले. मग ते तिच्याकडे न बघता, आपल्या पायाकडे बघत म्हणाले,

"दुखतंय गं."

तिचा हात कपाटातच थांबला. "काय?"

"खुबा. फार दुखतंय. मी त्याला गाडी म्हणतो. म्हटलं की ते कुठे आहे ते कळतं, सगळीकडे पसरत नाही. डोकं शाबूत आहे. फक्त दुखतंय."

मासीला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण ती बर्फ आणायला म्हणून गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मीही निघाले होते. मुलीने मला हाताने थांबवलं, तिला बहुतेक कुणीतरी साक्षीला हवं होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"मागच्या वेळी तुम्ही फोनवर काय म्हणालात, आठवतंय?"

"नाही. गाड्या, असं तूच म्हणालीस."

"तुम्ही म्हणालात, तुझी आई सिग्नलबाहेर थांबलीय आणि तिला कुणी लाइन देत नाही. म्हणालात, मला एकट्याला जेवायला बसवत नाही. मी दोन भाकऱ्या घेतो आणि एक झाकून ठेवतो." ती त्यांच्याकडे वळली. "आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी एवढंच खरं बोललात, बाबा. म्हणून मी ती खोली केली. तुमचं डोकं गेलं म्हणून नाही."

काकांनी चादरीची सुरकुती सरळ केली. मग घसा साफ करून म्हणाले, "इंजेक्शनचा परिणाम."

"हो ना," ती म्हणाली. "आता इंजेक्शनाशिवाय जमवा."

ती आठवडाभर राहिली. व्यायामाच्या वेळी ती त्यांचा हात धरून बसायची, आणि तिसऱ्या दिवशी मी खाली गेले तर तीच विचारत होती, ही कोणती, मालगाडी का? पुण्याचा विषय पुन्हा निघाला, पण चढ्या आवाजात नाही. काका म्हणाले, "तिथे मी तुझ्याकडे पाहुणा. इथे दुखतं ते निदान माझ्या घरात दुखतं." तिला ते पटलं नाही, पण तिने मानलं. अट एकच घातली: रोज संध्याकाळी फोन, आणि जे दुखत असेल ते खरं सांगायचं. रात्रीची आमची ताटं तेव्हापासून खाली जाऊ लागली. तिघं जेवायला, मासीला निघायला उशीर झाला की चौघं.

माणसाने साठ वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट एकदा सुटली की तिला ब्रेक नसतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. खुबा पावसाळ्यापर्यंत बरा झाला. काका काठी घेऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाऊ लागले. आता संध्याकाळी सांगायचं काय? त्यांनी दुसरे अवयव काढले. दाढ. खांदा. पायाचा अंगठा. डावा कान, जो दुखत नसे पण त्यात "काहीतरी हालचाल" असे. प्रत्येकाचा सविस्तर अहवाल पुण्याला जाई. आणि आता तर प्रश्नाचीही वाट न बघता, तारीख, वार, तिथी यांच्या जागी.

मुलीचा मला फोन आला. "ताई, जरा आवरा ना त्यांना. काल अर्धा तास अंगठ्यावर बोलले."

मी म्हटलं, तूच सांगितलंस.

"मी काय दुखतंय ते सांगा म्हटलं होतं. काय काय दुखू शकेल ते नाही."

पण ती रोज फोन घ्यायची. एकदा तिच्याकडे पाहुणे होते म्हणून चुकला, तर दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, कालचं राहिलं, सांगा. काकांनी कालचं आणि आजचं असं क्रमाने सांगितलं.

त्यांना शेवटी काही सोसावं लागलं नाही. पौषातल्या एका सकाळी मासी आली तेव्हा ते झोपेतच गेलेले होते, पांघरूणही विस्कटलेलं नव्हतं. मी पुण्याला फोन लावला. मुलीला सांगितलं. डॉक्टर आले का, कुणाकुणाला कळवलं, विमान कोणतं मिळेल, असं सगळं तिने नीट, त्यांच्यासारखं, परत परत म्हणून पक्कं केलं. शेवटी तिने विचारलं, "काल तुमच्याशी काही बोलले होते का?"

"जेवताना," मी म्हटलं. "कोपर दुखतंय म्हणाले."

"मला गुडघा सांगितला होता," ती म्हणाली.

मला हसू आलं, आणि पलीकडून तीही हसतेय असं वाटलं, निदान सुरुवातीला. मग बराच वेळ आम्ही दोघी फोनवर, एकेक करून, त्यांचं काय काय दुखत होतं ते आठवत राहिलो.